दुसरा भाग आणि भूमची सहाची गाडी

वाईट पिक्चर बघितला की मला राग येतो. लोकांना कंटाळा येतो, कुणाचं डोकं दुखतं. मला राग येतो आणि तो आठवडाभर घरातल्या भांड्यांवर निघतो. पण त्या मंगळवारी धाराशिवच्या थिएटरात आला तसला राग पुन्हा कधी आला नाही. कारण त्या दुपारी तो पिक्चर चांगला निघणं ही अक्काची गरज होती, आणि पडद्यावरच्या लोकांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. लातूरला नर्सिंग शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि निकालाच्या पाठोपाठ तिचं लग्न झालं. सासर भूमचं. जावई निर्व्यसनी, खताबियाणांचं दुकान, माणसं देवाधर्माची. बोट ठेवावं असं काही नाही. फक्त नोकरीचा विषय निघाला की तिच्या सासूबाई म्हणायच्या, "बघू की, घाई काय हाय?" आणि दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, म्हणायचे, "आईला विचारतो." लग्न झाल्यापासून ते विचारतच होते. तेवढ्या काळात नर्सच्या दोन जागा निघाल्या आणि गेल्या. एका वेळी घरात पूजा निघाली, दुसऱ्या वेळी सासूबाईंचे गुडघे. नाही असं कुणी म्हटलं नाही. आमच्याकडं नाही कुणी म्हणतच नाही, निमित्त काढतात.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का लोहाऱ्याला माहेरी आली होती आणि तिसरी जागा निघाली. धाराशिवला सरकारी दवाखान्यात थेट मुलाखत, बुधवारी सकाळी, मूळ कागद घेऊन हजर राहायचं. शिकून इतकी वर्षं घरात बसलेल्या नर्सला यापुढं कुणी विचारणार नाही, हे अक्काला पक्कं कळत होतं. तिनं अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "त्यांच्या घरच्यांना विचार, बाळ." आईनं ज्वारीला ऊन द्यायचा विषय काढला. आणि त्याच संध्याकाळी भूमहून सासूबाईंचा फोन आला. गुरुवारी पाहुणे येणार आहेत, सून मंगळवारी संध्याकाळी घरात पाहिजे. "बुधवारी काय निघायचं न्हाय," त्यांनी बजावलं.

लेकीबाळींना बुधवारी सासरी धाडत नाहीत. जाशील बुधी, येशील कधी, असं आमची आई म्हणते. अक्काच्या सासूबाई तर त्याहून कडक. लेक असो, सून असो, बुधवारी त्यांच्या उंबऱ्यातून बाईमाणूस प्रवासाला आत-बाहेर होत नाही. एकदा आपल्या पोटच्या लेकीला त्यांनी भरल्या ताटावरून उठवून मंगळवारच्या गाडीत बसवलं होतं, बुधवार लागू नये म्हणून.

मी दोन दिवस डोकं चालवलं आणि मग मला वाट दिसली. ज्या दोरीनं अक्काला बांधलंय त्याच दोरीनं त्यांना बांधायचं. मंगळवारची गाडी चुकली की बुधवार आपोआप आपला. धाराशिवला मामांकडं मुक्काम, सकाळी मुलाखत, गुरुवारी सासर. भांडण नको, तंटा नको. साप मरतो आणि काठीही मोडत नाही. गाडी चुकायला एक भक्कम निमित्त तेवढं पाहिजे होतं, आणि ते नेमकं त्याच आठवड्यात धाराशिवच्या थिएटरात लागलं होतं.

त्या पिक्चरचा पहिला भाग आम्ही दोघींनी लातूरला बघितला होता, अक्का हॉस्टेलवर होती तेव्हा. हिंदीत डब केलेला. मिठाच्या खाणीत आकाशातून काहीतरी येऊन पडतं आणि एकेक कामगार नाहीसा होतो. ते काय आहे हे शेवटपर्यंत दिसत नाही. बोगद्यातले दिवे फक्त मंद होत जातात, आधी लांबचे, मग जवळचे. बस्स, एवढंच. पण त्या मंद होणाऱ्या दिव्यांनी आमची अशी पाचावर धारण बसली की मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि अक्का, प्रेतं बघून शिकलेली अक्का, माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून बसली होती. त्यानंतर घरी व्होल्टेज कमी होऊन बल्ब पिवळा पडला की आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो आणि आई विचारायची, काय खुळ्यागत हसताय.

तेव्हा दुसऱ्या भागाची ओढ आहे म्हटल्यावर घरात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. ठरलं असं: मी अक्काला लोहाऱ्याहून धाराशिवपर्यंत आणायचं. दाजी भूमहून संध्याकाळी येणार आणि सहाच्या शेवटच्या थेट गाडीनं दोघं परत जाणार. मध्ये आम्ही तीनचा खेळ बघणार. खेळ सुटायला सहा वाजून जातात, ही चौकशी मी आधीच करून ठेवली होती. दाजी स्टँडवर वाट बघत बसतील, आम्ही धापा टाकत येऊ आणि मी कपाळावर हात मारून घेईन. हे सगळं मी अक्काला समजावून सांगितलं तेव्हा ती साडीच्या घड्या घालत होती. ती फक्त "बरं" म्हणाली. मी तो होकार धरला.

स्टँडवर उतरलो आणि बघते तर काय. दाजी समोर उभे. डोक्याला पांढरा रुमाल, हातात रसवंतीचा अर्धा ग्लास, चेहऱ्यावर लवकर आल्याचा आनंद.

"दुकानात गिऱ्हाईकच न्हाय," ते म्हणाले. "म्हटलं कशाला ताटकळायचं. चारच्याच गाडीनं निघू." आणि चांगल्या माणसासारखी त्यांनी अक्काच्या हातातली बॅग घेतली. त्या बॅगेत, साड्यांच्या तळाशी, अक्काचे सगळे मूळ कागद होते.

"दाजी, फोनवरनं तिकिटं काढलीत आम्ही," मी म्हटलं. "पिक्चरची."

"कसला पिक्चर?"

"परग्रहावरनं प्राणी येतात आणि माणसं खातात."

"अन् ते बघायला आपण जायचं?" त्यांनी अक्काकडं बघितलं. अक्का जमिनीकडं बघत होती. मी म्हटलं, अक्काला कधीपासून बघायचाय, परत तिला कुठं मिळणार, एवढं तरी करा. बाहेर नुसती आग ओतत होती, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. दाजींनी विचारलं, "एसी हाय का?" मी म्हटलं, हाय. ते म्हणाले, "बरं, चला. पण सहाची गाडी चुकवायची न्हाय. आईनं निक्षून सांगितलंय."

तिसरं तिकीट काढलं. दाजी आमच्या दोघींच्या मध्ये बसले, बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. आता सगळी मदार पिक्चरवर होती. दाजींना खुर्चीला खिळवून ठेवेल असा पिक्चर पाहिजे होता, पहिल्या भागासारखा, की मध्येच उठायची शुद्ध राहू नये. दिवे गेले आणि मी खरोखर हात जोडले. महादेवाला परग्रहावरच्या प्राण्यासाठी नवस बोलणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असणार.

पहिल्याच दृश्यात तो प्राणी दिसला.

भर दुपारी. रस्त्यावर. पूर्ण. पहिल्या भागात ज्याच्या नुसत्या चाहुलीनं आम्ही गारठलो होतो तो आता चौकात उभा राहून मोटारी फेकत होता. त्याला दात होते, पापण्या होत्या, पाठीवर खवले होते आणि एकेक खवला दाखवायला कॅमेरा त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. जरा वेळानं तो बोललाही. "हमें तुम्हारी रोशनी चाहिए," असं हिंदीत, निवडणुकीच्या रिक्षावर कर्णा लावून ओरडतात तसल्या आवाजात. खाणीतून एकटी जिवंत सुटलेली ती पोरगी, जिच्या श्वासाबरोबर आम्ही श्वास घेतला होता, ती आता लष्करात भरती होऊन भाषणं देत होती. मग एक शास्त्रज्ञ आला आणि फळ्यावर चित्रं काढून प्राण्याचा ग्रह कुठला, वडील कोण, भांडण कशावरून झालं ते सांगायला लागला. मला वाटलं उठावं आणि पडद्यावर चप्पल भिरकावावी. झाकली मूठ होती ती. कुणी सांगितली होती उघडायला?

दाजींनी पहिली जांभई दिली. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, पण ती जांभई मला ऐकू आली, आणि त्यानंतरची प्रत्येक ऐकू आली. पलीकडं अक्का पडद्याकडं बघत होती, पण बघत नव्हती. तिचा अंगठा पदराच्या काठावरून पुढं-मागं फिरत होता. लहानपणी परीक्षेला जाताना ती असंच करायची.

मध्यांतराला दिवे लागले न लागले तोच दाजी उभे राहिले. बॅग खांद्याला.

"चला. काय राम न्हाय यात. आधी जाऊन खिडकीतनं रुमाल टाकू, न्हायतर भूमपतुर उभं राहावं लागंल."

"दाजी, खरी मजा आता हाय. दुसऱ्या अर्ध्यात."

"कोण म्हणलं?"

"सगळे म्हणतात."

"सगळे मंजे कोण? पुऱ्या थेटरात धा माणसं न्हाईत."

हे खरं होतं. मी म्हटलं बाहेर ऊन बघा तरी, स्टँडवर पत्र्याखाली दीड तास बसायचं का? ते बघायला बाहेरच्या दारापर्यंत गेले. मी मागं मागं. त्यांनी दार ढकललं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आत आली. दाजी क्षणभर तिथंच थांबले. त्यांच्या एका बाजूला ऊन आणि आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला एसी. त्यांनी दार सोडून दिलं.

"सव्वापाचला उठायचं मातर," ते म्हणाले.

आम्ही परत बसलो. शास्त्रज्ञ पुन्हा फळ्याशी. त्यानं नवीन खडू घेतला. प्राण्याच्या ग्रहावर प्रकाश कसा संपत गेला, मग तिथल्या वडीलधाऱ्यांची सभा कशी बसली, हे तो इतक्या बारकाईनं सांगत होता की माझ्या शेजारचा श्वास हळूहळू जड झाला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. दाजींची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं. हात अजून बॅगेवर, पण सैल.

आणि माझी सगळी गणितं उलटी झाली. इतका वेळ पिक्चर चांगला व्हावा म्हणून जीव टांगणीला लागला होता. आता तो वाईटच राहावा म्हणून लागला. बोल बाबा, मी मनात त्या शास्त्रज्ञाला म्हटलं, त्या प्राण्याची सात पिढ्यांची वंशावळ सांग. तो सांगत होता. पण असल्या पिक्चरवाल्यांचा भरवसा नाही. त्यांना मध्येच शुद्ध येते. एकाएकी इमारत कोसळली, आरडाओरडा झाला, प्राण्यानं आकाशाकडं तोंड करून अशी डरकाळी फोडली की खुर्च्या थरथरल्या. दाजी दचकले. "आं?" म्हणाले. मी पुतळा झाले. त्यांनी बॅग छातीशी धरली, हनुवटी तिच्यावर टेकवली आणि पुन्हा घोरायला लागले.

पुढचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. पडद्यावर कुणी धावायला लागलं की मला घाम फुटायचा, कुणी भाषण द्यायला लागलं की बरं वाटायचं. एकदा तर प्राणी खरोखर अंधारात शिरला, दिवे मंद झाले, आवाज बंद पडला आणि मिनिटभर तो पिक्चर पहिल्या भागासारखा झाला. एरवी मी देवाचे आभार मानले असते. त्या वेळी त्या शांततेचीच भीती वाटली, कारण आवाज थांबला की झोपलेला माणूस जागा होतो. दाजींचं घोरणं त्या शांततेत सगळीकडं ऐकू आलं आणि पुढच्या रांगेतला एकजण हसला. सव्वापाच होऊन गेले. साडेपाच झाले. शेवटची लढाई सुरू होणार अशी चिन्हं दिसत होती. अजून थोडं, अजून थोडंच, असं मी म्हणत होते.

तेवढ्यात अक्कानं हात पुढं केला आणि दाजींच्या दंडाला हलवलं.

"अहो. उठा. गाडीची वेळ झाली."

मी तिच्याकडं बघतच राहिले. मला वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झाला. दाजी धडपडत उठले, "किती वाजले, किती वाजले," करत रांगेतून बाहेर पडले. मी अक्काचा हात धरला आणि दातओठ खाऊन विचारलं, "काय केलंस हे? जिंकलो होतो आपण."

पडद्यावर काहीतरी फुटत होतं, तिचा चेहरा लाल-पिवळा होत होता. ती म्हणाली, "झोपलेल्या माणसाकडनं परवानगी चोरायची न्हाय मला. उद्याची मुलाखत चोरून देईन गं. परवापासून रोज कामावर जायचं, ते बी चोरूनच जाऊ का?"

मला रडू यायला लागलं आणि ते रागाचं होतं की भीतीचं, सांगता येणार नाही.

स्टँड जवळच. भूमची गाडी लागलेली होती, ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. दाजी झपाझप पुढं गेले, खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा मिळाल्याच्या खुशीत वळले. अक्का गाडीपासून चार हात लांब उभी होती.

"चल की," दाजी म्हणाले.

"मी येत न्हाय," अक्का म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण तुटला नाही. "उद्या सकाळी इथं माझी मुलाखत हाय. नर्सच्या जागेची. मी ती देणार हाय. कागद बॅगेत हायत, तुमच्या हातातल्या. तुम्हाला न सांगता गाडी चुकवायचं ठरलं होतं. ते मला पटलं न्हाय, म्हणून उठवलं."

"ठरलं होतं" म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण दाजींनी बघितलं. मी नजर चुकवली नाही. मला त्यांचा इतका राग होता की लाज वाटायला जागाच नव्हती.

त्यांनी हातातल्या बॅगेकडं बघितलं. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर आईला विचारलं असतं."

"म्हणूनच न्हाय सांगितलं."

गाडी सुरू झाली. कंडक्टर दारात येऊन "भूम, भूम" असा पुकारा करायला लागला. दाजींनी खिशातून फोन काढला आणि आईला लावला. मी मनात म्हटलं, झालं. पण ते जे बोलले ते ऐकून माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"आई, गाडी चुकली," दाजी म्हणाले. "व्हय, आत्ताच गेली. पिक्चरमुळं उशीर झाला. आता उद्या तर बुधवार. गुरुवारीच निघतो."

गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर धडधडत होती. त्यांचा रुमाल खिडकीजवळच्या सीटवर पडलेला दिसत होता. मला हसू फुटणार होतं, त्या भित्र्या माणसाला मिठी मारावी असं वाटत होतं. तो बिचारा माझीच योजना मला परत देत होता. साप मेला होता, काठी शाबूत होती.

अक्कानं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आत्या, मी बोलते," ती म्हणाली. "गाडी चुकली न्हाय. समोर उभी हाय. ह्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, ह्यांना बोलू नका. उद्या माझी मुलाखत हाय. मिळाली तर मी नोकरी करणार हाय. तुम्हाला इचारायला पाहिजे होतं, पण आता इचारत न्हाय, सांगतेय. गुरुवारी सकाळी मी घरी येते, पाहुण्यांचा स्वयंपाक माझ्याकडं."

कंडक्टरनं घंटी दिली. मग मला फोनमधून, लांबून, तीनच शब्द ऐकू आले. "त्याला दे फोन."

दाजींनी फोन कानाला लावला. "व्हय," म्हणाले. "व्हय... बरं... बरं." एवढंच. फोन खिशात टाकला, बॅग अक्काच्या पायाशी ठेवली आणि गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मला वाटलं काहीतरी वर्मी लागेल असं बोलणार.

"कागदांचे झेरॉक्स दोन-दोन काढून ने," ते म्हणाले. "ऐनवेळी मागतेत."

गाडी गेली. खिडकीतून त्यांनी बाहेर बघितलं नाही. अक्का बॅग उचलून चालायला लागली. मी आधार द्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे, पडत न्हाय."

बुधवारी मुलाखत झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात एवढ्या पोरी बसल्या होत्या की फरशी दिसत नव्हती. अक्का आत गेली आणि बाहेर आली ती नेहमीच्या चेहऱ्यानं. एका साहेबांनी विचारलं म्हणे, मध्ये इतकी वर्षं काय केलंत? तिनं सांगितलं, घर केलं. संध्याकाळी नावं लागली, त्यात तिचं होतं. मी मामांच्या घरात उड्या मारल्या. अक्का जाऊन देवासमोर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

गुरुवारी पहाटे आईचा फोन. सुनेला न्यायला सासरचं माणूस आल्याशिवाय एकटी धाडायची नाही, लोक काय म्हणतील, अप्पा येतात, थांब. अक्का म्हणाली, कुणी नको. मी स्टँडपर्यंत गेले, भूमपर्यंत येते म्हणून हट्ट केला, तर तिनं मला खिडकीखाली उभं ठेवलं आणि गाडी निघाली. मी दुपारी लोहाऱ्याला परतले. दार उघडतील का? उघडलं तर काय बोलतील? पाहुण्यांसमोर बोलतील की पाहुणे गेल्यावर? तिला फोन करायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती बंद दाराबाहेर बॅग घेऊन उभी होती आणि ते चित्र काही केल्या हलत नव्हतं.

फोन संध्याकाळी आला, तिचाच. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. भूमला कानडी कुणाला येत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून सासरहून फोन केला की अक्का कानडीतच बोलायची, आणि तेही खालच्या आवाजात. बरं आहे, जेवले, ठेवते. मी घाईघाईनं कानडीत विचारलं, काय झालं गं, मारलं-बिरलं नाही ना कुणी?

ती मराठीत बोलली. मोठ्यानं.

"पोचले. पाहुणे जेवून गेले. पहिल्या तारखेपासून कामावर जाणार हाय मी. सकाळचा स्वयंपाक करून जाईन. संध्याकाळचं घरातल्यांनी बघायचं."

तिच्या मागं कुठंतरी भांड्यांचा आवाज चालू होता. तो थांबला.

"ऐकू येतंय ना?" अक्कानं विचारलं.

तो प्रश्न मला नव्हता. तरी मी लोहाऱ्याहून म्हटलं, "येतंय अक्का, येतंय."